पोळी कोणाची, टाळी कोणाची?

गॅरी लिनेकर यांच्या दुसऱ्या डावाने उभा केलेला प्रश्न

रविवार, २५ मे २०२५ रोजी रात्री गॅरी लिनेकर यांनी बीबीसीवरील 'मॅच ऑफ द डे' या कार्यक्रमाचे अखेरचे सूत्रसंचालन केले. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाची धुरा त्यांच्याकडे १९९९ पासून, म्हणजे तब्बल सव्वीस वर्षे होती. फुटबॉलचा हंगाम, शनिवारची रात्र आणि लिनेकर यांचा हसरा चेहरा हे समीकरण ब्रिटनमधील एका अख्ख्या पिढीच्या अंगवळणी पडले होते. 'मॅच ऑफ द डे' सोडण्याचा निर्णय आधीच, नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाला होता. मात्र एफए कप आणि २०२६ ची विश्वचषक स्पर्धा यांचे प्रक्षेपण लिनेकर हेच करणार, असेही त्या वेळी ठरले होते. प्रत्यक्षात निरोपाच्या सहा दिवस आधी, १९ मे रोजी, ते बीबीसीशी असलेले सर्वच नाते संपवत असल्याचे जाहीर झाले.

मैदान गाजवलेला खेळाडू निवृत्तीनंतर समालोचक होतो, एखादा व्यवसाय काढतो, जाहिरातींतून झळकतो, यात नवीन असे काही नाही. लिनेकर यांची कहाणी वरवर पाहता याच पठडीतली आहे. तथापि, तिच्या पोटात एक असा प्रश्न दडला आहे, की ज्याचा संबंध फुटबॉलपुरता किंवा ब्रिटनपुरता मर्यादित राहत नाही. निवृत्त खेळाडूच्या शब्दाला प्रेक्षक मान देतो, तो त्याच्या मैदानावरील पुण्याईमुळे. परंतु त्या शब्दाचे मोल ज्याच्या तिजोरीतून चुकते होते, त्याचा त्या शब्दावर किती अधिकार असतो? 'ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी' ही म्हण क्रीडाप्रक्षेपणाच्या दुनियेत कितपत खरी मानायची? आणि खेळाडूने पोळी स्वतःच भाजायला घेतली तर हा प्रश्न मिटतो की केवळ रूप पालटतो?

मंडईतून मैदानात, मैदानातून पडद्यावर

लिनेकर यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९६० रोजी इंग्लंडमधील लेस्टर शहरात झाला. तेथील मंडईत त्यांच्या घराण्याचा फळे आणि भाजीपाल्याचा व्यवसाय होता. १९७८ मध्ये लेस्टर सिटी या आपल्या गावच्या क्लबकडून त्यांनी व्यावसायिक कारकीर्द सुरू केली. पुढे एव्हर्टनकडून १९८५-८६ च्या एकाच हंगामात लीगमध्ये ३० गोल केले आणि त्याच वर्षी मेक्सिकोतील विश्वचषकात सहा गोलांसह 'गोल्डन बूट'चा मान पटकावला. बार्सिलोनात ते तीन हंगाम खेळले, स्पॅनिश भाषा शिकले. तेथून परतल्यावर टॉटनहॅमकडून १९९१ चा एफए कप जिंकला. इंग्लंडसाठी ८० सामन्यांत त्यांनी ४८ गोल केले. बॉबी चार्ल्टन यांचा ४९ गोलांचा तत्कालीन विक्रम अवघ्या एका गोलाने हुकला. सोळा वर्षांच्या कारकिर्दीत पंचांनी त्यांना एकदाही पिवळे कार्ड दाखवले नाही. 'सभ्य खेळाडू' ही त्यांची प्रतिमा त्यातून घडली आणि पुढच्या साऱ्या व्यवहाराचे खरे भांडवल हीच प्रतिमा ठरली.

अखेरची दोन वर्षे त्यांनी जपानमधील नागोया ग्रॅम्पस एट या संघाकडून काढली. पायाच्या बोटाच्या दुखापतीमुळे तेथे त्यांना मोजकेच सामने खेळता आले. १९९४ मध्ये, चौतिशीच्या उंबरठ्यावर असताना ते निवृत्त झाले. ज्या वयात इतर क्षेत्रांतील माणसाची कारकीर्द खऱ्या अर्थाने सुरू होते, त्या वयात फुटबॉलपटूची संपते. पुढे तीस-पस्तीस वर्षांचे सक्रिय आयुष्य उरलेले असते आणि हाती असते ती ओसरू लागलेली कीर्ती. लिनेकर यांच्या काळात आजच्यासारखे डोळे दिपवणारे मानधनही नव्हते. साहजिकच दुसऱ्या डावाची तयारी करणे भाग होते.

ती त्यांनी शिकाऊ उमेदवाराच्या वृत्तीने केली. प्रारंभीच्या काळात त्यांचे निवेदन साचेबद्ध आणि अवघडलेले वाटे. रेडिओ, शनिवार दुपारचा 'फुटबॉल फोकस', खेळावरील हलक्याफुलक्या प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम अशा पायऱ्या चढत ते १९९९ मध्ये 'मॅच ऑफ द डे'च्या आसनापर्यंत पोहोचले. डेस लायनम हे मातब्बर सूत्रसंचालक आयटीव्ही या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेल्याने ती जागा रिकामी झाली होती. तोपर्यंत अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालन पत्रकाराने किंवा निवेदकाने करायचे आणि खेळाडूने बाजूला बसून मत द्यायचे, अशी साधारण विभागणी असे. खेळाडूच मुख्य आसनावर बसू शकतो, हे लिनेकर यांनी सिद्ध केले.

दुसरीकडे जाहिरातीचा व्यवसायही बहरला. वेफर्स तयार करणारी वॉकर्स ही कंपनी त्यांच्याच लेस्टर गावची. भारतात 'लेज' या नावाने जी पाकिटे विकली जातात, त्याच पेप्सिको समूहाचा हा ब्रिटनमधील ब्रँड. १९९५ पासून लिनेकर त्याच्या जाहिरातींत झळकू लागले. सभ्य खेळाडू लहान मुलाचे वेफर्स पळवतो, ही त्यातील गंमत लोकांना भावली आणि हे नाते पुढे अनेक वर्षे टिकले.

या काळात व्यवसायाचा एक कडू धडाही त्यांना जवळून पाहायला मिळाला. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी कोसळली. तिच्याकडून येणाऱ्या पैशांवर विसंबलेले अनेक लहान-मोठे क्लब अडचणीत आले. वरच्या श्रेणीतून घसरलेला आणि नव्या स्टेडियमच्या खर्चाखाली वाकलेला लेस्टर सिटी त्याच वर्षी दिवाळखोरीच्या दारात उभा राहिला. तेव्हा क्लब वाचवण्यासाठी पुढे आलेल्या गुंतवणूकदारांच्या गटाचा चेहरा लिनेकर होते. फुटबॉलचे अर्थकारण दूरचित्रवाणीच्या पैशावर उभे आहे आणि तो पैसा एका रात्रीत आटू शकतो, हे यातून पुरेसे स्पष्ट झाले.

परवाना शुल्क आणि पगाराची यादी

बीबीसीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचा खर्च प्रामुख्याने जनतेकडून मिळणाऱ्या परवाना शुल्कातून चालतो. एप्रिल २०२५ मध्ये हे शुल्क प्रत्येक घरामागे वर्षाला १७४.५० पौंड इतके झाले. जनतेचा पैसा म्हटला की हिशेब आलाच. २०१७ पासून बीबीसीला आपल्या बड्या निवेदकांचे मानधन जाहीर करावे लागले. पहिल्याच यादीत लिनेकर यांचा आकडा १७ लाख ५० हजार पौंडांच्या पुढे होता. पुढच्या वर्षापासून ते यादीच्या शिरोभागी राहिले. २०२० मध्ये नव्या करारात त्यांनी मानधन १३ लाख ५० हजार पौंडांवर आणले, तरी पहिला क्रमांक सुटला नाही. त्यामुळे बीबीसीविषयी कोणाला काही बोलायचे असले, की उदाहरण म्हणून लिनेकर यांचे नाव पुढे येऊ लागले.

वस्तुतः ते बीबीसीचे नोकर नव्हते. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून ते करार करीत आणि अन्य वाहिन्यांसाठीही काम करीत. या स्थानामुळे ब्रिटनच्या कर विभागाशीही त्यांचा वाद झाला. ते वस्तुतः कर्मचाऱ्यासारखेच आहेत, असे म्हणत विभागाने सुमारे ४९ लाख पौंडांची मागणी केली होती. मार्च २०२३ मध्ये पहिल्या पायरीच्या न्यायाधिकरणाने लिनेकर यांच्या बाजूने निर्णय दिला. योगायोग असा, की कर विभागाच्या लेखी ते कर्मचारी आहेत की व्यावसायिक याचा निवाडा होत असतानाच, त्याच महिन्यात, बीबीसीच्या लेखी ते नेमके कोण आहेत हा प्रश्न साऱ्या देशासमोर आला.

वीस मिनिटांचा मुका कार्यक्रम

७ मार्च २०२३ रोजी तत्कालीन हुजूर पक्षाच्या सरकारने छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्या निर्वासितांना रोखणारे विधेयक मांडले. वडिलांकडून मूळच्या गोव्याच्या असलेल्या सुएला ब्रेव्हरमन या तेव्हा गृहमंत्री होत्या. या धोरणाच्या समर्थनार्थ वापरली जाणारी भाषा १९३० च्या दशकातील जर्मनीची आठवण करून देणारी आहे, अशा आशयाचे मत लिनेकर यांनी आपल्या ट्विटर खात्यावर व्यक्त केले. सत्ताधारी खासदार खवळले. १० मार्च रोजी बीबीसीने, समाजमाध्यमांच्या वापराबाबत स्पष्ट सहमती होईपर्यंत लिनेकर कार्यक्रमापासून दूर राहतील, असे जाहीर केले.

त्यानंतर जे घडले ते बीबीसीच्या इतिहासात अभूतपूर्व होते. इयान राइट आणि ॲलन शिअरर या त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यक्रमात बसण्यास नकार दिला. पाठोपाठ इतर निवेदक आणि समालोचकही बाजूला झाले. शनिवार, ११ मार्च रोजी 'मॅच ऑफ द डे' अवघी वीस मिनिटे दाखवण्यात आला. ना सूत्रसंचालक, ना तज्ज्ञ, ना समालोचन. फक्त सामन्यांची दृश्ये आणि प्रेक्षकांचा गलका. १३ मार्च रोजी बीबीसीने माघार घेतली. महासंचालक टिम डेव्ही यांनी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि लिनेकर परतले.

या प्रकरणातील विसंगती दोन्ही बाजूंनी समजून घेण्याजोग्या आहेत. चारच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कतारच्या विश्वचषकाचे प्रक्षेपण लिनेकर यांनीच सुरू केले होते. त्यात त्यांनी स्थलांतरित मजुरांची दैना, समलिंगी व्यक्तींवरील निर्बंध आणि स्पर्धेच्या यजमानपदाविषयीचे भ्रष्टाचाराचे आरोप यांचा स्पष्ट उल्लेख केला होता. ते बीबीसीच्याच पडद्यावर आणि बीबीसीच्याच संमतीने झाले होते. परक्या सरकारविषयी बोलले तर ती पत्रकारिता आणि आपल्या सरकारविषयी बोलले तर तो पक्षपात, असा भेद कसा करायचा? शिवाय बीबीसीचे तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड शार्प हे स्वतःच वादात होते. पंतप्रधान असताना बोरिस जॉन्सन यांना मिळालेल्या कर्जहमीच्या व्यवहाराशी आलेला आपला संबंध त्यांनी नियुक्तीच्या वेळी पूर्णपणे उघड केला नव्हता. एप्रिल २०२३ अखेर त्यांना राजीनामा जाहीर करावा लागला. निःपक्षपातीपणाची कसोटी निवेदकाला आधी आणि अध्यक्षाला नंतर, असे चित्र त्यातून निर्माण झाले.

मात्र बीबीसीची बाजू अगदीच पोकळ होती असेही नाही. ज्याला लिनेकर यांचे मत पटते तो परवाना शुल्क भरतो आणि ज्याला ते मुळीच पटत नाही तोही भरतो. संस्थेच्या सर्वांत ठळक चेहऱ्याने एका बाजूने बोलावे आणि दुसऱ्या बाजूच्या माणसाने 'हे माझ्याच पैशांतून' असे म्हणावे, हा पेच खरा होता. क्रीडानिवेदकाने राजकारणावर बोलूच नये, हा नियम जाचक. त्याने काहीही बोलावे, हाही नियम नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी मधला रस्ता शोधला. मोठ्या कार्यक्रमांच्या निवेदकांनी प्रश्नांवर मत मांडावे, पण राजकीय पक्षाचा प्रचार करू नये किंवा पक्षांवर आणि नेत्यांवर टीका करू नये, असा त्याचा मथितार्थ होता.

चित्रे महाग, गप्पा स्वस्त

या साऱ्या गदारोळात एक गोष्ट काहीशी नजरेआड राहिली. लिनेकर यांना बीबीसीची जितकी गरज आहे, असे गृहीत धरले जात होते, तितकी ती उरली नव्हती. २०१४ मध्ये आयटीव्हीचे माजी क्रीडाप्रमुख टोनी पास्टर यांच्यासमवेत त्यांनी एक निर्मितीसंस्था काढली होती. तिचे नाव 'गोलहँगर'. संघासाठी फार धावपळ न करता प्रतिस्पर्ध्याच्या गोलपाशी घुटमळत राहून संधी साधणाऱ्या खेळाडूला इंग्रजीत असे चिडवतात. लिनेकर यांनी ते नाव थट्टेने स्वतःलाच लावून घेतले. आरंभी ही संस्था क्रीडाविषयक माहितीपट करीत असे. नंतर ती पॉडकास्टकडे, म्हणजे इंटरनेटवरून हवे तेव्हा ऐकता येणाऱ्या संवादमालिकांकडे वळली.

२०२० मध्ये टॉम हॉलंड आणि डॉमिनिक सँडब्रुक या इतिहासकारांची 'द रेस्ट इज हिस्टरी' ही मालिका आली. २०२२ मध्ये अलेस्टर कॅम्पबेल आणि रोरी स्टुअर्ट या दोन भिन्न पक्षांतील माणसांची 'द रेस्ट इज पॉलिटिक्स' सुरू झाली. त्याच वर्षी विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांनी 'एम्पायर' ही मालिका ईस्ट इंडिया कंपनी आणि ब्रिटिश राजवटीच्या इतिहासापासून सुरू केली. भारतीय श्रोत्यांनाही ती परिचित झाली. २०२३ मध्ये स्वतः लिनेकर, शिअरर आणि मायका रिचर्ड्स यांची 'द रेस्ट इज फुटबॉल' आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राजकारणावरील मालिकेचा जाहीर प्रयोग लंडनच्या ओटू या विशाल सभागृहात आणि इतिहासावरील मालिकेचा रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झाला. दोन माणसांच्या गप्पा ऐकायला हजारो लोक तिकीट काढून येतात, हे दृश्य व्यवसायाच्या बदलत्या गणिताची साक्ष होते.

हे गणित समजून घेण्यासारखे आहे. प्रीमियर लीगच्या सामन्यांच्या ब्रिटनपुरत्या प्रक्षेपण हक्कांचा २०२५ ते २०२९ या चार हंगामांसाठीचा करार ६७० कोटी पौंडांचा आहे. ज्याच्याकडे हक्क, त्याच्याकडे चित्रे आणि ज्याच्याकडे चित्रे, त्याच्याकडे समालोचक, अशी आजवरची साखळी होती. खेळाडूला बोलायचे तर वाहिनीच्या दारात जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पॉडकास्टने ही साखळी तोडली. सामन्याविषयी बोलण्यासाठी सामन्याची चित्रे विकत घ्यावी लागत नाहीत. दोन-तीन माईक, चांगले निर्माते आणि लोकांना ऐकावीशी वाटणारी माणसे एवढ्यावर काम भागते. उत्पन्न जाहिरातींतून, वर्गणीदारांकडून आणि जाहीर प्रयोगांतून येते. बोलणारा आणि मालक एकच असू शकतो, ही शक्यता यातून प्रथमच मोठ्या प्रमाणावर खुली झाली. एमिली मेटलिस आणि जॉन सोपेल हे बीबीसीचे नामवंत पत्रकारही २०२२ मध्ये पॉडकास्टच्या ओढीने एका खासगी समूहाकडे गेले, ते याच प्रवाहातून.

मे २०२५ मधील अखेरचा तुटवडा या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. झायोनिझमविषयीची एक चित्रफीत लिनेकर यांनी इन्स्टाग्रामवर पुढे पाठवली. तीत उंदराचे चित्र होते. ज्यूंना उंदरांची उपमा देणे हा नाझी प्रचारतंत्राचा भाग होता. ते चित्र आपल्या लक्षात आले नव्हते, असे सांगून लिनेकर यांनी चित्रफीत काढून टाकली आणि माफीही मागितली. २०२३ मध्ये त्यांच्यामागे उभे राहिलेले अनेकजण या वेळी गप्प राहिले. कारण त्या वेळचा प्रश्न मताचा होता, या वेळचा बेफिकिरीचा. लाखो लोक ज्याचे ऐकतात त्याने पुढे पाठवण्यापूर्वी पाहायला हवे, ही अपेक्षा वाजवी होती. बीबीसीतून जावे लागले खरे, पण त्यांचे बोलणे थांबले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल टेलिव्हिजन पुरस्कारांत प्रेक्षकांच्या मतांवर त्यांना सर्वोत्कृष्ट निवेदकाचा बहुमान मिळाला. वर्षअखेरीस, २०२६ च्या विश्वचषकाच्या काळात 'द रेस्ट इज फुटबॉल' दररोज नेटफ्लिक्सवर दाखवण्याचा करार जाहीर झाला.

मालकीने काय साधले, काय नाही

बीबीसीच्या दावणीतून सुटून खेळाडू स्वतंत्र झाला, असा सोपा निष्कर्ष यातून काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. मालक बदलला की बंधन संपत नाही, त्याचे स्वरूप बदलते. बीबीसीला न आवडणारे बोलले तर खासदार ओरडत. वर्गणीदाराला न आवडणारे बोलले तर तो वर्गणी बंद करतो आणि आवाजही करीत नाही. ज्याला आपले मत पटते त्याच्याच पैशांवर संसार चालू लागला, की त्याला न पटणारे सांगण्याचे धैर्य हळूहळू कमी होते. शिवाय अमेरिकन मनोरंजन कंपनीशी करार होताच आणखी एक मोठा धनी दाराशी येतो. स्वातंत्र्य आणि निःपक्षपातीपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली विकत घेता येते, दुसरी घेता येत नाही.

मँचेस्टर युनायटेडचे माजी बचावपटू गॅरी नेव्हिल यांचे उदाहरण येथे बोलके आहे. २०११ मध्ये निवृत्त झाल्यावर ते स्काय स्पोर्ट्सचे प्रमुख विश्लेषक झाले आणि त्याचबरोबर हॉटेले, बांधकाम, सॅलफर्ड सिटी क्लबची मालकी अशा अनेक उद्योगांत उतरले. एप्रिल २०२१ मध्ये बड्या क्लबांनी 'युरोपियन सुपर लीग'चा घाट घातला, तेव्हा त्यावर थेट प्रक्षेपणात सर्वांत तिखट हल्ला त्यांनीच चढवला. त्यांच्या बोलण्याला वजन होते, कारण ते खेळाडूचे आणि मालकाचेही मन जाणत होते. मात्र २०२२ च्या विश्वचषकात कतारच्या बीइन वाहिनीसाठी त्यांनी काम स्वीकारल्यावर, ज्या यजमानांवर टीका करायची त्यांच्याच पैशांवर टीका कशी करणार, हा प्रश्न त्यांना दूरचित्रवाणीवरच विचारला गेला. तेथे जाऊनच बोलणे अधिक योग्य, हा त्यांचा बचाव सर्वांना पटला नाही.

भारतीय प्रेक्षकासाठी

मराठी वाचकाला ही चर्चा दूरची वाटण्याचे कारण नाही. भारतात फुटबॉलपटूचा दुसरा डाव बराच काळ नोकरीनेच निश्चित केलेला असे. मुंबईत रेल्वे, बँका, एअर इंडिया यांच्या संघांतून खेळणाऱ्याला मैदान सुटल्यावर कचेरीतील खुर्ची मिळे. कीर्ती नव्हती, पण निवृत्तिवेतन होते. महिंद्र युनायटेडसारखा नामवंत संघ २०१० मध्ये बंद झाला आणि तो आश्रयही आटत गेला. आवाजाच्या मालकीचा प्रश्न मात्र भारतात क्रिकेटच्या संदर्भात अधिक ठळकपणे उभा राहिला.

या बाबतीत सुनील गावस्कर हे लिनेकर यांच्याही आधीचे. १९८५ मध्येच त्यांनी 'प्रोफेशनल मॅनेजमेंट ग्रुप' ही क्रीडाव्यवस्थापन कंपनी उभी केली. स्तंभलेखन आणि समालोचन समांतर चालू राहिले. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या क्रिकेट समितीचे अध्यक्षपद आणि माध्यमांतील काम यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी अध्यक्षपद सोडले. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाहीत, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

पुढच्या काळात भारतातील सामन्यांचे समालोचक थेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या करारावर काम करू लागले. म्हणजे ज्या संस्थेच्या कारभाराविषयी बोलायचे, मानधनही तिचेच. २०१६ च्या आयपीएलपूर्वी हर्षा भोगले यांना वगळण्यात आले. आपल्याला कारण सांगण्यात आलेले नाही, असे त्यांनी त्या वेळी म्हटले होते. मार्च २०२० मध्ये मुंबईचे माजी कसोटीपटू संजय मांजरेकर यांना मंडळाच्या समालोचकांच्या चमूतून दूर करण्यात आले. पुढे दोघेही समालोचनात परतले. परंतु शिअरर आणि राइट यांच्यासारखे सहकाऱ्यांसाठी माईक खाली ठेवणारे कोणी भारतात पुढे आल्याचे दिसले नाही. व्यक्तींना दोष देऊन भागणार नाही. जेथे एकाच दारातून काम मिळते, तेथे त्या दाराशी भांडायला सहसा कोणी धजत नाही. ब्रिटनमधील निवेदकांना स्काय होते, बीटी स्पोर्ट होते, पॉडकास्ट होते. पर्याय असला की कणा ताठ राहतो, हा या साऱ्या प्रकरणाचा व्यावहारिक अर्थ आहे.

निवृत्त खेळाडूने पैसे मिळवू नयेत, व्यवसाय करू नये, असे म्हणणे अन्यायाचे होईल. चौतिसाव्या वर्षी संपणाऱ्या कारकिर्दीनंतर त्याने उरलेले आयुष्य आठवणींवर काढावे, ही अपेक्षा कोणी करू नये. प्रेक्षकाची अपेक्षा एवढीच असावी, की बोलणारा कोणाच्या पैशांवर बोलत आहे, हे त्याला ठाऊक असावे. बीबीसीने पगाराची यादी जाहीर केल्यावर लिनेकर यांच्यावर टीका झाली, पण त्या यादीमुळेच प्रेक्षकाला निवाडा करता आला. भारतीय समालोचकांचे करार, त्यातील अटी, कोणत्या विषयांवर बोलायचे नाही याचे संकेत हे सारे प्रेक्षकांसमोर आले, तर समालोचकांची प्रतिष्ठा घटणार नाही, उलट वाढेल.

लिनेकर यांच्या दुसऱ्या डावाचे मूल्यमापन करताना त्यांनी किती कमावले हा प्रश्न दुय्यम ठरतो. मंडईतल्या गाळ्यावर वाढलेल्या मुलाला दुकान स्वतःचे असण्याचे मोल ठाऊक असणे स्वाभाविक होते. त्यांनी ते उभारले आणि बोलण्याचे स्वातंत्र्य मिळवले. ते स्वातंत्र्य जबाबदारीने वापरणे किती कठीण असते, याचाही अनुभव घेतला. पोळी स्वतःची असली, की टाळी कोणासाठी वाजवायची हे दुसरा कोणी ठरवत नाही. मात्र त्या टाळीचा हिशेबही मग दुसऱ्या कोणाच्या खात्यावर मांडता येत नाही.